‘सोलर थंडीत बंद पडतो’ : त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

थंडीची चाहूल लागली की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: सोलर वॉटर हीटर म्हणजे पैसे पाण्यात. कडक ऊन असेल तरच चालतो, ऐन थंडीत बंद पडतो, पावसाळ्यात तर नुसता शोभेचा. नळ सोडला की बादलीभर पाणी वाया. नळ्या फुटतात, क्षार साचतो. त्यापेक्षा विजेचे सोलर पॅनेल बसवा आणि गीझर चालवा.

पुण्यात गच्चीवरचे सोलर बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. हा मेसेज वाचून लोक धडधाकट सोलर भंगारात काढायला निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘कडक ऊन लागतं, थंडीत चालत नाही.’ मूळ गैरसमज हाच. सोलरला हवेतला उकाडा नको असतो, उजेड हवा असतो. उदाहरणार्थ, काचेच्या नळ्यांचा सोलर कसा चालतो ते बघा. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, मधली हवा काढून टाकलेली, थर्माससारखी. आतल्या काचेवर काळपट लेप असतो. तो ऊन शोषून घेतो, पण उष्णता बाहेर फारच थोडी जाऊ देतो. मधे हवाच नाही, त्यामुळे बाहेर 12 अंश असो की 40, आतली उष्णता सहजी निसटत नाही. आतलं पाणी तापलं की हलकं होऊन नळीच्या वरच्या बाजूने टाकीत चढतं आणि टाकीतलं गार, जड पाणी खालच्या बाजूने नळीत उतरतं. ऊन असेपर्यंत हे चक्र चालू राहतं. त्याला ना पंप लागतो ना वीज. तांब्याच्या सपाट पॅनेलमध्येही तत्त्व हेच. फक्त तिथे टाकी पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा चांगली उंच हवी, नाहीतर रात्री उलटा प्रवाह सुरू होऊन तापलेलं पाणी पॅनेलमध्ये जाऊन निवतं.

आता डिसेंबर बघा. पुण्यात त्या दिवसांत आकाश निरभ्र असतं आणि भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. म्हणूनच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 30 अंशांच्या आसपास कलतं ठेवतात. थंडीतलं ऊन त्यावर जवळजवळ काटकोनात पडतं. म्हणजे बसवतानाच विचार थंडीचा केलेला असतो.

मग थंडीत पाणी कमी का पडतं? कारण टाकीत येणारं पाणीच गार असतं आणि घरातला प्रत्येक जण गरम पाणी जास्त वापरतो. हिशेब सोपा आहे. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 4 युनिट ऊर्जा लागते. तेच पाणी 20 अंशांवर आत आलं तर साडेचार युनिटांहून जास्त. पण 60 अंशांच्या 100 लिटरमध्ये 20 अंशांचं 100 लिटर विसावण मिसळलं, की आंघोळीजोगं 40 अंशांचं 200 लिटर पाणी होतं. 20 लिटरच्या दहा बादल्या. चौघांच्या घराला हे पुरतं. तास तासभर शॉवर सोडला किंवा रात्री त्याच पाण्यात भांडी-धुणं उरकलं, तर सकाळी पुरणार नाही. रात्री काढलेल्या पाण्याच्या जागी गार पाणी येतं आणि ते तापवायला दुसऱ्या दिवशीचं ऊनच लागतं.

‘पावसाळ्यात उपयोग नाही.’ यात तथ्य आहे, पण सगळीकडे सारखं नाही. ढगांतून गाळून आलेल्या उजेडावरही नळ्या थोडंफार पाणी तापवतात. पुण्यात ढगाळ दिवशी कोमट मिळतं, मधे उघडीप मिळाली की पुन्हा गरम. सोलापूर, नगर, मराठवाडा या कमी पावसाच्या पट्ट्यात पावसाळ्यातही बरेच दिवस काम भागतं. महाबळेश्वर, लोणावळा किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बॅकअपशिवाय गत्यंतर नाही, आणि ते विकणाऱ्याने आधीच सांगायला हवं. टाकीत विजेची कॉइल असेल तर ती पहाटे गरजेपुरतीच लावा. रात्रभर चालू ठेवलीत आणि सकाळी पाणी फारसं वापरलं नाहीत, तर टाकी विजेनेच तापलेली राहते आणि उन्हाला करायला काही उरत नाही. मग बिल बघून दोष सोलरला दिला जातो.

‘बादलीभर पाणी वाया जातं.’ जातं, आणि हा राग रास्त आहे. पण दोष पाइपचा. एक इंची पाइपमध्ये मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत असा 30 मीटर पाइप असेल तर 15 लिटर पाणी रात्रभर त्यातच निवतं. अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरमागे जेमतेम सव्वाशे मिलिलिटर. म्हणून बंगल्यात गरम पाण्याची लाइन उगाच जाड नको, वळसे घेत नको आणि इन्सुलेशनशिवाय तर नकोच. सोसायटीत खालपर्यंत जाड लाइन लागतेच. तिथे परतीची लाइन आणि छोटा पंप लावून, सकाळच्या वेळेआधी पाणी फिरवून घेतात. बिल्डरने हा खर्च वाचवला असेल तर तळमजल्यावरचे लोक रोज पाणी सोडून देत बसतात.

याहून फसवा दोष मिक्सरचा, म्हणजे गरम आणि गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा. तक्रार येते, ‘सोलर गरमच होत नाही.’ मी आधी गच्चीवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावतो. तो चटका देत असेल आणि खाली नळाला कोमट येत असेल, तर गार पाणी कुठेतरी गरम लाइनीत घुसतंय. बहुतेक वेळा एखाद्या न्हाणीघरात मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि हँडशॉवर फक्त पुढच्या बटणाने बंद केलेला सापडतो. त्यात गार लाइनीला प्रेशर पंप असेल, तर मिक्सरमधून गार पाणी थेट गरम बाजूला ढकललं जातं. दोन्ही लाइनींचा दाब सारखा ठेवणं आणि योग्य जागी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) लावणं, एवढाच उपाय.

‘नळ्या फुटतात.’ या नळ्यांची बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच आपोआप फुटत नाही. टाकी रिकामी पडली की भर उन्हात कोरड्या नळ्या 200 अंशांच्याही वर तापतात. दुपारी पाणी आलं, कोणीतरी कॉक उघडला, गार पाणी आत शिरलं की काच तडकते. टाकी रिकामी झाली असेल तर भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावरच भरा. एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी वाहून जातं, हा या प्रकाराचा खरा तोटा. पण नळी बदलता येते, अख्खा सोलर नाही बदलावा लागत. कुठली नळी निकामी झाली हे ओळखायला तिच्या बंद टोकाशी बघा. तिथे आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर मधे हवा शिरली आहे. ती नळी आता उष्णता धरणार नाही.

आणखी एक. टाकीच्या माथ्यावर वाकवलेला, तोंड उघडा असलेला बारीक पाइप असतो. त्यातून पाणी ठिबकतं म्हणून काही जण त्याला बूच मारतात. तसं कधीही करू नका. पाणी निघताना आत हवा जायला वाट राहिली नाही, तर टाकी आत दबून चेपते.

‘क्षार साचतो.’ बोअरचं पाणी असेल तर साचणारच. पाणी तापलं की क्षार जास्त बसतात. तोच थर गीझरच्या कॉइलवरही बसतो, हे मेसेजमध्ये नाही. अशा ठिकाणी तांब्याच्या बारीक नळ्यांपेक्षा रुंद काचेच्या नळ्या बऱ्या, आणि अधूनमधून जाणकाराकडून साफसफाई करून घ्यावी.

‘पॅनेल लावा, गीझर चालवा.’ हा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे. विजेचं पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्शाची वीज करतं. सोलर हीटर चांगल्या उन्हात निम्म्याहून अधिक ऊन पाण्यात उतरवतो. त्या 4 युनिटांसाठी पॅनेलला गच्चीवर 5 चौरस मीटरच्या आसपास जागा लागते, तर 100 लिटरच्या सपाट सोलरला सुमारे 2. वीज मात्र पंख्यालाही चालते, ग्रिडमध्येही जाते, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती पॅनेलना जास्तीत जास्त 78 हजारांचं अनुदान आहे. त्यामुळे बारा-पंधरा मजली इमारतीत, जिथे गच्ची अपुरी आणि पाइप लांबलचक, तिथे पॅनेल आणि हीट पंप (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) ही जोडी मीही सुचवतो. हीट पंपाला गीझरच्या साधारण एक तृतीयांश वीज पुरते. बंगला, रो-हाउस, तीन-चार मजली इमारत, वसतिगृह, दवाखाना असेल आणि सोलर आधीच गच्चीवर असेल, तर तो काढण्याआधी प्लंबरला बोलवा आणि मिक्सरपासून तपासायला सांगा.