पॉर्क्युपाइन ट्री, पुन्हा पहिल्यापासून

गेले दोन महिने रात्री जेवणं उरकली की मी हेडफोन लावून बसतो आणि पॉर्क्युपाइन ट्री या इंग्लिश रॉक बँडचा एक अख्खा अल्बम ऐकतो. मध्ये उठायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही.

हॉस्टेलमध्ये असताना हा बँड माझा जीव की प्राण होता. ऑक्टोबर 2010 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर बँड गप्प झाला. माझंही ऐकणं त्याच सुमारास सुटलं. नोकरी, लग्न, घराचे हप्ते. 2022 मध्ये नवा अल्बम आला, तो गाडी चालवताना एकदा ऐकला, 'बरा आहे' म्हणालो आणि विसरून गेलो. किती घाईने ऐकलं होतं ते आता कळतंय.

बँडची सुरुवातच विलक्षण आहे. 1987 मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हन विल्सन नावाच्या मुलाने मित्राबरोबर मजेमजेत एक बँड कल्पनेतच उभा केला, त्याचा खोटा इतिहासही लिहिला आणि घरी बसून बहुतेक सगळं एकट्यानेच वाजवलं. खरे वादक नंतर जमले. कीबोर्डवर रिचर्ड बार्बिएरी, बास गिटारवर कॉलिन एडविन, ड्रम्सवर ख्रिस मेटलंड. मेटलंड गेल्यावर 2002 मध्ये गॅव्हिन हॅरिसन आला.

आमच्यासाठी बँड जन्मला तो त्या 2002 मध्येच. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून 'इन अ‍ॅबसेन्शिया' आमच्या खोलीत आला. विल्सनने नुकताच ओपेथ या स्वीडिश मेटल बँडच्या अल्बमवर निर्माता म्हणून काम केलं होतं, आणि त्या जड गिटारचं वजन इथे उतरलं होतं. आम्हाला तेच हवं होतं. त्याआधीचे 'स्टुपिड ड्रीम' (1999) आणि 'लाइटबल्ब सन' (2000) त्याच डिस्कवर होते, पण 'ही तर साधी गाणी' म्हणून आम्ही ते फोल्डर कधी उघडलेच नाहीत.

आज मला विचाराल तर 'लाइटबल्ब सन' हा त्यांचा सगळ्यात सुंदर अल्बम आहे. अकूस्टिक गिटार, मोकळी हवा, तुटलेल्या नात्याची गाणी, आणि सगळ्यामागे एडविनचा शांत बास. पुढे पुढे करत नाही, पण तो काढून घेतला तर गाणं बसेल खाली. मेटलंड ड्रम्स वाजवता वाजवता मागून सूर द्यायचा. हॅरिसन त्याच्यापेक्षा कितीतरी तयारीचा ड्रमर आहे यात वाद नाही, पण मेटलंडबरोबर तो दुसरा आवाज गेला हे मला इतक्या वर्षांनी जाणवलं. 'रशिया ऑन आइस' तेरा मिनिटांचं आहे. पहिली काही मिनिटं फारसं काही घडत नाही, आणि मला ती मिनिटंच जास्त आवडायला लागली आहेत.

'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' (2007) ऐकायला मी मुद्दाम उशीर केला, कारण तो तेव्हा पाठ होता. खोलीत कोंडून घेतलेला, स्क्रीनसमोर बसलेला, गोळ्यांवर चाललेला एक किशोरवयीन मुलगा हा त्या अल्बमचा नायक. विशीत मी पूर्णपणे त्या मुलाच्या बाजूने होतो. आता माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पहिल्याच गाण्यात आईवडील एखाद्या ओळीपुरते येतात आणि जातात, आणि मी तिथेच अडकलो. 'अ‍ॅनेस्थेटाइझ' हे जवळपास अठरा मिनिटांचं गाणं, त्यात रश या कॅनेडियन रॉक बँडच्या अ‍ॅलेक्स लाइफसनचा गिटार सोलो आहे. आम्ही खोलीत ते मधला धडाका संपला की बंद करायचो. म्हणजे शेवटचा भाग, सगळा गदारोळ ओसरून समुद्राच्या लाटेसारखं हळूहळू हेलकावत राहणारा, मी नीट असा परवाच ऐकला. डोळे भरून आले. सतरा वर्षांपूर्वी याची गरज वाटली नसेल, एवढंच म्हणेन.

'द इन्सिडंट'साठी (2009) मी तेव्हा मित्रांशी भांडलो होतो. चौदा तुकड्यांची पंचावन्न मिनिटांची सलग रचना! आता ते जोडकाम कच्चं वाटतं. 'टाइम फ्लाइज' मात्र तितकंच भारी आहे. त्याच डिसेंबरमध्ये ते पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवात वाजवून गेले. सगळे मित्र पुण्याहून गेले. माझ्या घरी आजीचं वर्षश्राद्ध होतं, मी गेलो नाही. तेव्हा मनाची समजूत घातली होती की पुढच्या वेळी पाहू.

मग 'क्लोजर/कंटिन्युएशन', तोच 2022 चा अल्बम. आता तिघंच आहेत. एडविन नाही, बास विल्सननेच वाजवलाय, तोही गिटारवाल्याच्या हाताने, टोकदार आणि सतत पुढे झेपावणारा. एडविनची उणीव मला जाणवते आणि ती कुणी नाकारू नये. पण अल्बम थकलेल्या माणसांचा नाही. 'हॅरिडन' त्या बासवरच उघडतं, पाच मात्रांच्या हिशोबात, आणि हॅरिसन त्या पाचांत अशा जागा शोधतो की मी एकच मिनिट चार-चारदा ऐकलं. बार्बिएरीचे आवाज तर या अल्बमचा श्वास आहेत. स्वर लावावा तसे तो आवाज लावतो. गाडीत, इंजिनच्या घरघरीत, ते मला ऐकूच आले नव्हते.

मागच्या रविवारी हेच 'हॅरिडन' स्पीकरवर लावलं होतं. बाबा पेपर वाचत होते. ते चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवतात, इंग्रजी गाणी त्यांना गोंगाट वाटतात. थोड्या वेळाने पाहिलं तर पेपर मांडीवर आणि बोटं गुडघ्यावर. धी ना, धी धी ना. म्हणाले, "झपताल बसतोय की रे यात." मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मधे एके ठिकाणी ते चुकले, हात थांबवला, कान देऊन ऐकलं, समेवर परत आले.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "ते कालचं लाव रे. आणि आवाज जरा वाढव."