लाहेरीला न गेलेला माणूस

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात भांडण झालं. विषय जनसुरक्षा विधेयकाचा. जुलै २०२५मध्ये विधिमंडळानं ते मंजूर केलं आणि कुठली संघटना बेकायदा, हे ठरवायचा अधिकार सरकारच्या हाती दिला. मी इथून, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून, एवढंच विचारलं, यूएपीएसारखा केंद्राचा कडक दहशतवादविरोधी कायदा असताना हे आणखी कशाला? उत्तर आलं, "ज्याच्या पोटात दुखते तो शहरी नक्षल. अन् तू तिकडे बसून शिकवू नको बे."

दुसरं वाक्य जास्त लागलं.

मी वडशाचा, गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याच जिल्ह्यात लाहेरीला ऑक्टोबर २००९मध्ये १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. खबऱ्या म्हणून मारलेल्या आदिवासींना तर कुणी मोजतही नाही. नक्षल्यांना मी कधीच माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पण ते हटले कशानं? माझ्या मते गडचिरोली पोलिसांच्या सी-६०मुळे. १९९०मध्ये उभं राहिलेल्या या पथकाची ताकद बंदुकीत कमी, माडिया-गोंडी बोलणाऱ्या गावच्या पोट्ट्यांत जास्त. जंगल त्यांचं, पाऊलवाट त्यांची, नक्षल्यांच्या दलममध्ये गेलेला मावसभाऊही त्यांचाच. शेजारच्या छत्तीसगडात सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेनं गावाला गावाविरुद्ध उभं केलं; तिथं आदिवासी पोरांना बंदुका देणं २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाला थांबवावं लागलं. ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षल्यांचा बडा नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा मी ड्युटीवर होतो. वॉर्डाबाहेर उभं राहून तो व्हिडिओ तीनदा पाहिला. रडू आलं.

इथं बेलफास्टला माझ्या घरापासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीतलं लॅनार्क वेचं गेट दहा मिनिटांवर. रात्री बंद होतं, उशिरा सुटलो की वळसा पडतो. १९७१च्या ऑगस्टमध्ये इथं पहिल्याच दिवशी तीनशेच्या वर माणसं आयआरएचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, म्हणून खटल्याविना उचलली. याद्या जुन्या, भलतेच लोक आत गेले, आणि पुढचं १९७२ हे साल इथल्या संघर्षातलं सगळ्यांत रक्तरंजित ठरलं. त्याच जानेवारीत डेरी शहरातल्या मोर्चावर ब्रिटिश सैन्यानं गोळ्या झाडल्या. ते चुकीचं होतं हे ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत कबूल करायला २०१० उजाडलं. आता पोलिसाच्या गोळीनं माणूस मेला तर चौकशी पोलीस करत नाहीत, स्वतंत्र कार्यालय करतं. आपल्याकडे चकमकीबद्दल प्रश्न विचारला की देशद्रोही. माझ्या वॉर्डात दोन्ही बाजूंचे म्हातारे शेजारच्या खाटांवर असतात. आडनावावरून बाजू कळली की बोलणं थांबतं. पन्नास वर्षं झाली.

तुलना मी सोयीची करतोय, मान्य. आयआरएनं मारलेल्यांची आठवण मी ग्रुपवर काढली नाही.

बाबा शिक्षक होते. सहा वर्षं भामरागड तालुक्यात, त्यातली तीन लाहेरीला. पर्लकोटेला पूर आला की पंधरा-पंधरा दिवस निरोप नसायचा. उन्हाळ्यात आई म्हणायची, चल, बाबांकडे जाऊ. मी अभ्यासाचं निमित्त काढायचो. मला भीती वाटायची. मग नागपूर, मग इथं. माझ्या बाकावरचा मित्र मात्र पोलिसात भरती झाला. जांभुळखेड्याला स्फोटानंतर रस्त्यावरून सोबत्यांना गोळा करणाऱ्यांत तो होता. ग्रुपवर मला गप्प केलं ते त्यानंच.

काल त्याला वेगळा मेसेज केला. दिवाळीत येतो, लाहेरीला नेशील का, बाबांची शाळा पाहायची आहे.

"ये. अन् तिथल्या लोकांपुढे हे सारं बोलून दाखव."

मला माडिया येत नाही. बाबांना यायची.