इंजिन टाकायचं ठरलंच असेल तर

बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडीनं मागं निळा धूर सोडला, टेम्परेचरचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला आणि समोरून येणाऱ्या टँकरवाल्यानं खिडकीतून हात बाहेर काढून "धूर मारायलीय!" असं ओरडून सांगितलं, की समजायचं, तुमची वेळ आली. गाडी 2008 ची, पेट्रोलवरची, 2 लाख 40 हजार किलोमीटर पळालेली. गाडीत इंजिन नव्यानं टाकायचं की गाडीच विकून काढायची? घाबरू नका. हा निर्णय आमच्याकडं आजवर कुणी डोकं लावून घेतलेला नाही, तुम्हालाही लावायची गरज नाही.

पहिलं म्हणजे, नेमकं काय बिघडलंय ते शोधत बसू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट धूर येऊन रेडिएटरचं पाणी आटतंय म्हणजे हेड गॅस्केटवर, इंजिनचं डोकं (हेड) आणि धड यांच्यामधल्या पत्र्यावर, संशय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे भेद रिकामटेकड्यांसाठी. आपल्याला धूर तो धूर. कॉम्प्रेशन टेस्ट नावाचा प्रकार तर कटाक्षानं टाळा. त्यात प्रत्येक सिलिंडरला गेज लावून दाब बघतात. एखाद्यात कमी भरला तर चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही वाढला तर दोष वरच्या अंगाला, व्हॉल्व्हकडं नाहीतर गॅस्केटकडं. तासाभराचं काम. पण त्यातून कधीकधी भलतंच निघतं. रिंग-पिस्टन ठणठणीत, नुसते व्हॉल्व्ह सील गेलेले, चार-पाच हजारांत भागणारं! मग पारावर सांगणार काय? "सील बदलले" यात कसली आलीय इज्जत? "इंजिनचं काम काढलंय" म्हटलं की समोरचा आपोआप खुर्ची पुढं सरकवतो.

त्यापेक्षा आमच्या मिस्त्रींची पद्धत बघा. त्यांनी ऑइलचं झाकण काढलं, तोंडावर तळहात धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मालक, ब्याक मारायलंय, खालचा गॅस वर यायलाय. खोलावंच लागतंय." एवढं ऐकल्यावर दुसऱ्या गॅरेजला दाखवणं म्हणजे त्यांचा अपमान. आणि एकदा इंजिन खोलून पोत्यावर मांडलं की तुम्हीही खुल्या मनानं विचार करू शकत नाही. खोललेली गाडी कुणी विकत घेत नाही, आणि बांधायची तर मिस्त्री सांगतील तो आकडा.

इंजिन का गेलं, हे विचारू नये. विचारलंत तर उत्तर घरातच सापडतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात गाडीला बाटलीतलं कूलंट पाजायचं म्हणजे माज झाला. आपण बोअरचंच ओतलं, वर्षानुवर्षं. आंघोळीच्या हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसला, पाणी फिरेना, इंजिन तापलं, हेड वाकलं. पण हे मनावर घेऊ नका. नवं इंजिन त्याच रेडिएटरला जोडा आणि त्याच बोअरचं पाणी पाजा. घराण्याचं वळण मोडू नये.

आता आहे तेच इंजिन बांधायचं की भंगारातल्या गाडीचं आयतं आणायचं? बांधायचं म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून (बोअर करून) मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँकचा दांडा घासून घेणं, नवी बेअरिंगं, वाकलेलं हेड सपाट करणं. यात काय घातलं ते निदान डोळ्यांनी दिसतं, म्हणून ते नीरस. आयत्याची मजा वेगळी. मुंबईच्या कुर्ल्याहून किंवा दिल्लीच्या मायापुरीहून, जुन्या मालाच्या बाजारातून इंजिन येतं. दिल्लीत डिझेल गाडीला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा ठरल्यापासून "दिल्लीचा माल आहे, चाललेलाच नाही" या वाक्याला फार वजन आलं. जुन्या टायरवर ठेवून, बॅटरीच्या वायरी चिकटवून ते चालू करून दाखवतात. किती किलोमीटर झालेत, असं विचारून हसं करून घेऊ नका. ते मीटर गाडीत असतं आणि गाडी दिल्लीत राहिली.

इंजिनावर नंबर असतो, तो आरसी बुकावरही असतो. इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी घेऊन नवा नंबर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली. विमावाल्यालाही कळवावं लागतं. बिल मागून ठेवावं, इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर कामी येतं. ही सगळी कामं दिवाळीनंतर करा. कुठल्या दिवाळीनंतर, ते ठरवू नका.

राहिला हिशेब. तो मी सोयाबीन विकल्याच्या पावतीच्या, पट्टीच्या, मागं मांडला होता. चालू स्थितीत गाडीची किंमत 90 हजार, इंजिनचं काम फिटिंगसह 62 हजार. म्हणजे 28 हजारांचा फायदा. पट्टी बायकोला दाखवली. तिनं विचारलं, "62 घातल्यावर गाडी दीड लाखाला जाईल का?"

"नाही. नव्वदलाच."

"टायर कधीचे आहेत?"

"टायरचा इथं काय संबंध?"

"आणि पासिंग?"

15 वर्षं भरली तेव्हा, 2023 ला, आरसी 5 वर्षांसाठी वाढवून घेतली होती. ती 2028 ला संपते. मग पुन्हा तपासणी, पुन्हा फी, पुन्हा पर्यावरण कर. तिनं ते सगळं इंजिनच्या खाली लिहिलं, टायर लिहिले, सस्पेन्शन लिहिलं, मग म्हणाली, एवढ्यात आणि ही आहे तशी विकून चालू गाडी कोणती येते ते बघा, आणि आपण वर्षाला किती फिरतो तेही बघा. वर्षाला 4 हजार किलोमीटर. बहुतेक तुळजापूर आणि लग्नं. असा हिशेब मांडला की त्याला उत्तर येतं, म्हणूनच मी सांगतो, पट्टी कुणाला दाखवू नका.

पत्रा मात्र शाबूत आहे, हे मी ठासून सांगितलं. कोकणातली असती तर सडून गेली असती. आमच्याकडं पाऊसच इतका मोजूनमापून की गाडीला गंज चढायला सवडच मिळाली नाही. दुष्काळाचा एवढा एक फायदा पदरात पडला तो सोडायचा का? शिवाय गाडी लकी आहे. तिच्यातून सून आणली, तिच्यातून प्लॉटची रजिस्ट्री करायला गेलो. आमच्या वडिलांनी आयुष्यभर राबलेला बैल माळेगावच्या यात्रेत नेऊन विकला होता, मागं वळून पाहिलं नाही. गाडीचं तसं नसतं. बैलानं कमावून दिलं होतं, गाडीवर आपण घातलंय. घातलेलं सोडवत नाही.

तर 62 हजार घातले. बिल 71 झालं, वरचे 9 "किरकोळ". मिस्त्री म्हणाले, पहिले हजार किलोमीटर दामटू नका, लोड टाकू नका, मग ऑइल बदला. मेहुण्यानं चौथ्या दिवशी 9 माणसं कोंबून तुळजापूर गाठलं.

काल मांजरसुंब्याच्या घाटात पुन्हा गेलो. धूर नाही, काटा जागेवर. फक्त ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गर्जतं आणि गाडी जागची हलत नाही. मिस्त्रींना फोन लावला. ते खूश झाले.

"मालक, इंजिन लई भारी झालंय आता. म्हणून तर क्लच कमी पडायलाय."