तुमचं बरं आहे!

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या घड्याळानं रात्री तीनला जागा होतो. गेल्या आठवड्यात वाद पेटला तो गच्चीवरच्या, टाकीशेजारच्या खोलीवरून. तिथे मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मांडवाच्या कनाती पडून आहेत. एका निवृत्त काकांनी सुचवलं, खोली रिकामी करा आणि रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात नुसतं शांत बसायला ठेवा. मोबाइल बाहेर, बोलणं बंद. एवढंच. झालं! कुणी म्हणालं, आधी पार्किंगचं बघा. कुणी म्हणालं, एवढी हौस असेल तर इगतपुरीला विपश्यनेला जा दहा दिवस. आणि एकानं लिहिलं, 'ठाण्यात ही चैन कुणाला परवडते? फास्ट लोकल चुकली की दिवस चुकला. असली थेरं परदेशात ठीक.' खाली मला टॅग करून, 'तुमचं काय बुवा, बरं आहे!'

हे 'तुमचं बरं आहे' मी अकरा वर्षं ऐकतोय. बरं आहेच, नाही कशाला म्हणू? श्टुटगार्टमध्ये रविवारी ड्रिल चालत नाही, गवत कापत नाहीत, बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या त्या सोमवारी. आणि हे नुसते शेजाऱ्यांचे रुसवेफुगवे नाहीत. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस, असं इथल्या राज्यघटनेतच आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं ते कलम 1949 मध्ये तसंच उचललं. आपल्याकडेही 2000 सालापासून नियम आहेत की. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. त्या पाटीखालीच रिक्षावाला हॉर्न देतो आणि मागे बसलेले आपण त्याला काही बोलत नाही. ग्रुपवर हे लिहिलं असतं तर 'आला मोठा जर्मन' झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

पहिल्या वर्षी एका रविवारी चटणीसाठी मिक्सर लावला. दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या आजी दारात. ओरडल्या नाहीत, फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि गेल्या. पाट्यावर वाटलेली चालेल का, हे विचारायचं राहून गेलं. त्यांच्याशी माझं बोलणं होतं ते केरवोखंची, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी, अशी पाटी माझ्या दाराला अडकवतात तेव्हा. (या शब्दात केर आहे याचं मला अजून हसू येतं. सांगणार कुणाला?)

तर शांतता भरपूर. पण बसता येतं का? मी सोफ्यावर बसतो, चौथ्या मिनिटाला हात फोनकडे जातो. म्हणजे त्या फास्ट चुकणाऱ्यापेक्षा माझं वेगळं काही नाही. फक्त माझ्याकडे सबब नाही.

बसणं मी पाहिलंय ते बाबांचं. फोर्टातून ऑफिस करून ते ठाण्याला उतरायचे आणि नौपाड्याला सरळ घरी यायचं सोडून वाट वाकडी करून तलावपाळीला जायचे. कट्ट्यावर, पाण्याकडे तोंड करून, बॅग मांडीवर. मागे रिक्षा, भेळवाले, कोपिनेश्वराची घंटा, बोटीसाठी रडणारी पोरं. क्लासहून येताना एकदा मी त्यांना पकडलं. म्हटलं, काय करताय? म्हणाले, "उतरतोय अजून." मी शेजारी बसलो. त्यांनी ना अभ्यासाचं विचारलं, ना मार्कांचं. शर्टाला गाडीतल्या गर्दीचा वास होता आणि उजव्या हाताची बोटं दांडी धरल्यासारखी अर्धी वळलेली होती. ती हळूहळू सरळ झाली. मग उठले.

ग्रुपवर हेच लिहायला घेतलं होतं, बघा, गोंगाटातही बसता येतं. पण लिहिताना आई आठवली. त्या वेळी ती ओट्याशी असायची. एका शेगडीवर कुकर, दुसऱ्या शेगडीवर चहाचं आधण, ताईची गणितं तोंडी. बाबांची पंधरा मिनिटं आली होती तिच्या संध्याकाळीतून, आणि ती कुठे बसली हे मला आठवत नाही. बसलीच नसेल.

त्या अख्ख्या भांडणात कामाचं बोलल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. 'खोली पाचला उघडत असाल तर मी येईन. साडेसहाला माझे डबे असतात.' त्यावर कुणी काही लिहिलं नाही. मी अंगठा दिला. अंगठा द्यायला काय जातं?

एक गोष्ट घरी कुणाला सांगितलेली नाही. उन्हाळ्यात रविवारी इथे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा तिथे सहा. मी आईला फोन लावतो. बाबा गेल्यापासून बोलायचं पाच मिनिटांत संपतं. मग ती म्हणते, "ठेवू का?" मी म्हणतो, नको, ओट्यावर ठेव, तुझं चालू दे. तिला वाटतं, मला करमत नाही. कुकरच्या शिट्ट्या, खालून भंगारवाला, तिची भांडी. त्या अर्ध्या तासात माझा हात कशाकडेही जात नाही. वरच्या आजींना ऐकू जाऊ नये म्हणून इअरफोन लावतो.

काल ग्रुपवर मतदान टाकलं. खोली हवी, की नको? मी 'हवी' दाबलं. सेक्रेटरींनी लगेच लिहिलं, 'कृपया राहणाऱ्यांनीच मत द्यावे.' मेंटेनन्स दर तिमाहीला मीच भरतो. तेवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं.