‘मधला दलाल गेला’ हे खरं नाही

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय : ‘एट्सीसारख्या साइटवरून घ्या. मध्ये दलाल नाही, सगळे पैसे थेट कलाकाराला. तिथलं सगळं हाताने केलेलं असतं. आणि कला अस्सल असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतं.’

एट्सी म्हणजे हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ. मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण यातलं एकही विधान टिकत नाही आणि त्याचा भुर्दंड कलाकारालाच बसतो. माझी वहिनी मातीचे दागिने करते. एका प्रदर्शनात एक बाई तिला म्हणाल्या, “तुमचं तर हल्ली सगळं थेट असतं ना ताई, मग तीनशेचे दोनशे करायला काय हरकत आहे?”

आधी पैशांचं बघू. एट्सी २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झाली. तिथे एक वस्तू चार महिने मांडायचे २० सेंट. विक्री झाली की ६.५ टक्के, तेही पार्सलचा खर्च धरून. म्हणजे कलाकार पोस्टात जे भरणार, त्यातही साइटचा वाटा. हा दर २०१८ पर्यंत ३.५ टक्के होता, मग ५ झाला, एप्रिल २०२२ मध्ये ६.५. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. दर खाली आला नाही.

शिवाय एट्सी इंटरनेटवर इतरत्रही या दुकानांतल्या वस्तूंच्या जाहिराती करते. त्या जाहिरातीवर क्लिक करून आलेल्या माणसाने तीस दिवसांत त्या दुकानातून काही घेतलं, तर लहान दुकानाकडून १५ टक्के जातात. लहान दुकानाला निदान नको म्हणता येतं. वर्षाची विक्री १० हजार डॉलरपर्यंत पोहोचली की दर १२ टक्के होतो, पण मग नकाराची सोय नाही.

आता ४० डॉलरचे कानातले आणि १० डॉलर पार्सल धरा. ५० डॉलरवर ६.५ टक्के म्हणजे ३.२५, मांडणीचे २० सेंट, जाहिरातीतून आलेली विक्री असेल तर ७.५०. एकूण १०.९५. पाचव्या हिश्शाहून जास्त, आणि पैसे वळते करण्याचं शुल्क यात धरलेलंच नाही. हे घेणाऱ्याला दलाल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दलाली घेण्यात गैर काही नाही. जगभरचं गिऱ्हाईक दारात आणून देण्याची किंमत असतेच. पण ती नाहीच असं सांगू नका.

‘सगळं हाताने केलेलं’ हेही खरं नाही. जुन्या वस्तू आणि कलेचं सामानही तिथे विकता येतं. २०१३ मध्ये बाहेरच्या कारखान्याकडून माल बनवून घ्यायलाही परवानगी मिळाली. २०२४ पासून साइट स्वतःच वस्तूंची वर्गवारी करते : विक्रेत्याने बनवलेली, त्याने फक्त डिझाइन केलेली, निवडून आणलेली, मिळवून दिलेली. एआयकडून काढून घेतलेलं चित्रसुद्धा, तसं सांगितलं तर, ‘डिझाइन केलेली’मध्ये बसतं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री. तरीही ‘वारली’ असं शोधल्यावर समोर आलेला प्रत्येक प्रिंट डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून आला, असं मानायला काही आधार नाही. वस्तूखाली काय लिहिलंय ते वाचा, विक्रेत्याला निरोप पाठवून विचारा. तेवढी सोय तिथे आहे आणि खरा कारागीर आनंदाने सांगतो.

‘गिऱ्हाईक आपोआप येतं’ याला एकच उदाहरण पुरे. २०१९ मध्ये एट्सीने अमेरिकेतल्या शोधात ३५ डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदीवर पार्सल मोफत देणाऱ्या दुकानांना वर आणलं. कलेत काडीचा फरक नव्हता, क्रम मात्र बदलला.

खरंच मदत करायची असेल तर कलाकाराने स्वतः पाठवलेल्या लिंकवरून दुकानात जा. अशा विक्रीवर एट्सी पात्र दुकानांना विक्रीच्या रकमेच्या ४ टक्के इतकं शुल्क परत करते.