‘फ्लाइट कंट्रोलर सांभाळून घेतो’ हे अर्धसत्य

‘कंट्रोलर चांगला असेल तर बॅटरी कुठेही बांधा, ड्रोन सरळच उडतो’ असा सल्ला सध्या फिरतोय. फ्लाइट कंट्रोलर म्हणजे मोटरांचा वेग आपोआप कमी-जास्त करून ड्रोनचा तोल राखणारं सर्किट. सरळ उडतो, हे खरं. पण त्याची किंमत मोटर मोजतात.

४५० मिमीची (तिरकी मोजून) एक्स-फ्रेम, म्हणजे X आकाराची चार मोटरांची चौकट घ्या, एकूण वजन १२०० ग्रॅम. गुरुत्वमध्य २० मिमी पुढे गेला, तर पुढच्या प्रत्येक मोटरवर सुमारे ३३८ ग्रॅम भार येतो, मागच्यांवर जेमतेम २६२. पुढच्या दोन्ही तापतात, आणि एकदम थ्रॉटल (मोटरांची ताकद) वाढवला की त्या आधी कमाल मर्यादा गाठतात. मग नाक खाली जातं. ट्रिम करून, म्हणजे रिमोटवर कायमची छोटी दुरुस्ती देऊन, हे सुटत नाही. ट्रिम फक्त ‘सपाट’ कशाला म्हणायचं ते बदलतो, वजन जागचं हलत नाही.

तोल असा तपासा. आधी पंखे काढा. बॅटरी, कॅमेरा, पट्टे, सगळं उड्डाणात असतं तसंच बसवा. पुढच्या आणि मागच्या मोटरांच्या बरोब्बर मध्ये येणाऱ्या आडव्या रेषेवर, फ्रेमच्या प्लेटखाली दोन बोटं धरून उचला. नाक झुकलं तर बॅटरी मागे. १८० ग्रॅमची बॅटरी १ सेमी सरकवली की गुरुत्वमध्य दीड मिमीच हलतो, त्यामुळे जड कॅमेराच आत घेणं बरं. शेपटीला शिसं चिकटवू नका, फुकटचं वजन.