आयर्लंडने मोडलेली चौकट, आपण जपलेली

2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर लागोपाठ हल्ले झाले. टाला भागात एका भारतीयाला टोळक्याने बेदम मारले, 1 ऑगस्टला दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली आणि इथे राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत दोनच प्रश्न घोळू लागले. इथले पोलीस बंदूक का बाळगत नाहीत? आणि दगड मारणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ताब्यात घेऊन चांगला प्रसाद का देत नाहीत? गावाकडच्या ग्रुपवर उत्तर तयारच होते: आपले पोलीस असते तर दोन दिवसांत सरळ केले असते.

हाच ग्रुप एरवी अगदी उलटे बोलतो. बदली, हप्ता, मंत्र्याचा फोन यांची एखादी बातमी आली की 'परदेशात बघा, सगळ्या देशाला एकच पोलीस, कुणाचा हस्तक्षेप नाही' हे ठरलेले वाक्य येते. 2022 मध्ये पंतप्रधानांनी पोलिसांसाठी 'एक राष्ट्र, एक गणवेश' ही कल्पना मांडल्यापासून तर जास्तच. राज्यांच्या यादीतला हा विषय केंद्राकडे द्यावा, सारे दल एका छत्राखाली आणावे, की झाले!

मी ज्या देशात राहतो तिथे खरोखरच असे एकछत्री दल आहे. गार्डा शिओखाना. सुमारे 14,000 पोलीस, चार विभाग, एक आयुक्त. वाहतुकीची पावती फाडण्यापासून खुनाच्या तपासापर्यंत आणि देशांतर्गत गुप्तवार्तेपर्यंत सगळे त्यांच्याकडे. म्हणजे आपल्या राज्य पोलिसांचे, सीबीआयचे आणि आयबीचे बरेचसे काम एकाच दलाच्या माथी. बहुतेक गणवेशधारी गार्डांकडे दंडुका, बेड्या आणि मिरचीचा फवारा एवढेच असते. शस्त्रे साध्या वेशातल्या तपास अधिकाऱ्यांकडे आणि खास पथकांकडे.

'त्यांची संस्कृतीच वेगळी' असे म्हणून हा विषय संपवणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. 1922 पूर्वी आयर्लंडच्या बहुतेक भागात रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी होती: बंदूकधारी, बराकीत राहणारी, डब्लिनच्या किल्ल्यातल्या ब्रिटिश सरकारच्या इशाऱ्यावर हलणारी. लोकांवर वचक ठेवणे आणि वरच्यांना खबर देणे हे तिचे काम. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे पोलीस उभारले ते याच आयरिश नमुन्यावर. सिंध पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि 1861 च्या पोलीस कायद्यातही त्या नमुन्याची छाप उतरली. म्हणजे तुमच्या तालुक्याच्या ठाण्याची वंशावळ काढली तर एक फांदी आयर्लंडमध्ये सापडेल. स्वतंत्र झाल्यावर आयरिश लोकांनी ते दल बरखास्त केले आणि, बाहेर यादवी पेटलेली असताना, नव्या पोलिसांच्या हातातून बंदुका काढून घेतल्या. पहिले आयुक्त मायकेल स्टेन्स यांचे म्हणणे असे, की हे दल शस्त्रांच्या किंवा संख्येच्या जोरावर टिकणार नाही, लोकांचे सेवक म्हणून मिळालेल्या नैतिक अधिकारावर टिकेल. हा राजकीय निर्णय होता, संस्कृतीने आपोआप दिलेला प्रसाद नव्हे. आपण 1947 नंतर झेंडा बदलला, चौकट तीच ठेवली.

एकछत्री दलाचे फायदे रोजच्या जगण्यात जाणवतात. 'ही आमची हद्द नाही, त्या ठाण्यात जा' हे वाक्य इथे कुणी ऐकवत नाही. आपल्याकडे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा, ही गोष्ट 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत स्पष्ट लिहावी लागली. मुलांच्या मराठी शाळेत शिकवायचे तर गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलीस पडताळणी, लागते. ते संस्थेमार्फत ऑनलाइन होते, कुणी घरी येत नाही, चहापाण्याचा प्रश्नच नाही. आणि भरतीला दारे दोन नाहीत. टिपेररीतल्या टेंपलमोरच्या प्रशिक्षण केंद्रातून सगळे गार्डा म्हणूनच बाहेर पडतात आणि वरचे बहुतेक सगळे त्याच वाटेने चढलेले असतात. आपल्याकडे शिपाई म्हणून लागलेला माणूस बहुधा हवालदार किंवा सहायक फौजदार म्हणून निवृत्त होतो आणि विशी-पंचविशीतला आयपीएस अधिकारी पहिल्या दिवसापासून त्याचा साहेब असतो. माझ्या मते आपल्या खात्यातली निम्मी कटुता इथे जन्मते. यावर ग्रुपवर कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

पण एकछत्राची किंमतही आयर्लंडने भरली आहे. 1982 मध्ये न्यायमंत्र्यांच्या आदेशावरून दोन पत्रकारांचे फोन चोरून ऐकले गेले. दल एक, गुप्तवार्ता त्याच्याच हातात, मग काय अवघड? ते बाहेर आल्यावर 1983 मध्ये आयुक्तांना जावे लागले. 2017 मध्ये कळले की मद्यपी चालकांच्या तपासण्या लाखोंनी फुगवून नोंदल्या होत्या. एकच दल असल्याने खोटेपणाही देशभर एकसारखा. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने काही वर्षे गार्डांचे गुन्ह्यांचे आकडे 'दर्जाची खात्री नाही' अशा इशाऱ्यासह छापले. आणि मॉरिस मॅकेब या सार्जंटने दंडाच्या पावत्या ओळखीवर रद्द होतात हे उघड केले तेव्हा आयुक्त मार्टिन कॅलिनन यांनी 2014 च्या जानेवारीत संसदेच्या समितीपुढे अशा जागल्यांच्या वागण्याला 'घृणास्पद' म्हटले. मार्चमध्ये कॅलिनन गेले, मेमध्ये न्यायमंत्री गेले. मॅकेब यांच्यावर बालशोषणाचा खोटा कलंक लावण्यापर्यंत मजल गेली होती. 2018 च्या चौकशी अहवालाने त्यांना निर्दोष ठरवले. हस्तक्षेप नाही म्हणे!

तेव्हा इथले पोलीस जे काही बरे आहेत ते एका छत्रामुळे नव्हे, तर त्या छत्राला बाहेरून वेसण घातल्यामुळे. तीही प्रत्येक भानगडीनंतर एकेक फास आवळत. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी 2007 पासून स्वतंत्र संस्था काम करू लागली, 2016 मध्ये देखरेखीचे प्राधिकरण आले. 2025 च्या एप्रिलपासून नवा कायदा लागू होऊन या दोन्हींच्या जागी अधिक बळकट संस्था आल्या. गार्डाच्या कृतीत कुणी मेला तर तपास दलाबाहेरच्या लोकांकडे जातो, त्यासाठी कुणाच्या आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

बदलापूर प्रकरणातला आरोपी 2024 च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रे फिरली. गुन्हा भयंकरच होता, संताप मला समजतो. पण दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांकडे बोट दाखवल्यावरही तपासासाठी उच्च न्यायालयाला विशेष पथकाचा आदेश द्यावा लागला, याबद्दल कुणी अक्षर लिहिले नाही.

डब्लिनच्या हल्ल्यांत आमचा राग खरा होता आणि आजही आहे. अठरा वर्षांखालच्यांना आधी समज देऊन सुधारण्याचा 2001 चा कायदा ज्याचा जबडा मोडला त्याला फार थंड वाटतो. रस्त्यावर जास्त गार्डा हवेत, तपास वेगाने हवा, हे आम्ही इथे मागतो आणि मागत राहू. पोराला गाडीत घालून फटकावण्याची मुभा मात्र मला नको, कारण ती मुभा उद्या आमच्याच सावळ्या पोरांवर आधी वापरली जाईल.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्येच बदल्यांना लगाम आणि तक्रारींसाठी प्राधिकरण सांगितले. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त केला, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण कागदावर आले, आणि शेजारच्याच कलमांत 'सार्वजनिक हित' व 'प्रशासकीय निकड' या नावाखाली मुदतीआधी बदली करण्याची फटही ठेवली. ग्रुपवर मी विचारले, या प्राधिकरणाकडे तक्रार कशी करायची कुणाला माहीत आहे का? एका मावसभावाने उलट विचारले, "असं काही आहे का?" लगेच दुसऱ्याने नव्या गणवेशाचा फोटो टाकला.